कोर्लईच्या गावात कुठली भाषा ऐकली आम्ही?

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नाशिकहून मुरुड-जंजिऱ्याला गेलो होतो, वाटेत रेवदंड्याचा पूल ओलांडून कोर्लईचा किल्ला बघितला. खाली गावात दोन बायका बोलत होत्या, आधी वाटलं कोकणी असेल पण एक अक्षर कळेना, आणि माझ्याशी मात्र एकदम छान मराठीत बोलल्या. ही भाषा कोणती, ही माणसं पोर्तुगीज आहेत का, आणि किती जण असतील?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, तुम्ही जे ऐकलंत ते ऐकायला जगभरातून अभ्यासक येतात, आणि आपण किल्ला बघून, मासे खाऊन पुढे जातो!

तिथली माणसं आपल्या भाषेला ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे आमची भाषा. पोर्तुगीजांनी 1521 मध्ये निजामशहाच्या परवानगीने चौलला, म्हणजे आताच्या रेवदंड्याला, किल्ला बांधायला घेतला आणि समोरचा कोर्लईचा डोंगर 1594 मध्ये जिंकला. त्यांचे सैनिक, स्थानिक बायका, धर्म बदललेली इथलीच गोरगरीब माणसं, गुलाम म्हणून आणलेले लोक, हे सगळे एकत्र राहिले आणि त्यातून ही बोली तयार झाली. त्यामुळे ‘पोर्तुगीज आहेत का’ याचं उत्तर नाही असंच आहे, ती रायगड जिल्ह्यातल्या मुरुड तालुक्यातली आपलीच माणसं, धर्मानं कॅथलिक.

खरी गंमत पुढे आहे. वसई पडली 1739 ला, आणि 1740 च्या तहात चौल-कोर्लईही मराठ्यांकडे आलं, पोर्तुगीज सैनिक आणि अधिकारी निघून गेले, पण ज्यांना जायला कुठे जागाच नव्हती ती गरीब कुटुंबं डोंगराच्या पायथ्याशी राहिली आणि शेती करू लागली. एका बाजूला कुंडलिका नदीची खाडी, आजूबाजूला सगळी मराठी बोलणारी गावं, लग्नं आपल्यातच, त्यामुळे घरातली बोली घरातच टिकली. 1960 च्या दशकापर्यंत चर्चमध्ये पोर्तुगीज जाणणारे पाद्री असायचे त्याचाही थोडा आधार होता, नंतर प्रार्थना मराठीत आली. पण इतक्या वर्षांत मराठी त्या बोलीत आत शिरली, शब्द मूळ पोर्तुगीज पण वाक्य आपल्यासारखं, क्रियापद शेवटी, पोर्तुगीजमध्ये ते मधे येतं. मला तर हीच सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

आकडा विचारलात, तर बोलणारे साधारण हजाराच्या आत-बाहेर धरतात. जनगणनेत शोधाल तर सापडणार नाही, कारण दहा हजारांपेक्षा कमी लोकांची मातृभाषा आपल्याकडे वेगळी छापतच नाहीत, ती ‘इतर’ मध्ये जाते. मला हे मनापासून खटकतं, दहा हजार नाहीत म्हणून भाषाच दिसायची नाही हे कसं चालेल? शाळा मराठी, नोकरीसाठी मुंबई, पूल झाल्यापासून ये-जा वाढली, हे सगळं त्या लोकांसाठी चांगलंच आहे, रस्ता नको असं कोण म्हणेल, पण मुलं घरीसुद्धा मराठीतच बोलू लागली की दोन पिढ्यांत काय होतं ते आपल्याला माहीत आहे. आपल्या शरणपूरचंच बघा ना, एकोणिसाव्या शतकात गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथं राहिली, शिकली, पुढे त्यातली बरीच मोंबासाजवळच्या फ्रिअरटाउनला गेली, आज नाशकात त्यांची बोली कोणाच्या तोंडी नाही.

कोर्लईत ती अजून आहे. पुढच्या वेळी गेलात तर किल्ला सकाळी उरकून घ्या आणि गावात जरा बसा, मोबाईल काढून रेकॉर्डिंग करण्याआधी विचारा मात्र, त्यांचं घर आहे ते. ‘तुमच्याकडे याला काय म्हणतात’ एवढं मराठीत विचारलंत तरी बोलणं सुरू होईल, आणि ऐकलेले शब्द लिहून आम्हाला नक्की पाठवा, आपण इथे छापू.