नव्या खोंडाजवळ जाताना

सांगोल्याच्या बाजारातून खिलार खोंड आणलंस, झकास. पण पहिल्याच दिवशी मागून जाऊन पाठीवर थाप मारलीस, तिथं चुकलास. जनावराला जवळजवळ 330 अंशांत दिसतं, थेट शेपटीमागचं तेवढं दिसत नाही. तिथून कुणी आलं की लाथ ठरलेली. तिरकं, खांद्याच्या बाजूनं जा, आणि आधी आवाज दे.

चालवताना खांदा हा काटा समज. त्याच्या मागं उभा राहिलास की ते पुढं सरकतं, पुढं आलास की थांबतं नाहीतर मागं वळतं. एक पाऊल टाक. ते हललं की तूही थांब. दाबतच राहिलास तर उधळणार. शेपूट पिरगाळू नकोस. मान उंच, कान ताठ, नाकपुड्या फुगलेल्या दिसल्या की सरळ मागं हो.

माझी एक गाय आठवडाभर गोठ्यात पाय टाकेना. कारण काय, तर दारावर वाऱ्यानं फडफडणारी युरियाची रिकामी गोणी! ती काढली, गाय मुकाट आत.

खिलार मुळातच तापट, एकटं बांधलं की आणखी बिथरतं. शेजारी एखादी जुनी, शांत गाय बांध. लस टोचायची तर सकाळीच. सोलापूरच्या मे महिन्यातल्या दुपारी माणूसच धड नसतो.