स्लीप स्पेल (झोपवण्याचा मंत्र) लढाईत खरंच कामाचा आहे, की नुसती जागा अडवतो?

तुम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये (फासे टाकत, पात्रं घेऊन खेळायचा गोष्टीचा खेळ) पहिल्यांदाच विझार्ड, म्हणजे जादूगार, करताय आणि ग्रुपमधला एकजण म्हणतोय, 'स्लीप घेऊ नको, दोन सेशन चालतो, मग कचरा.' तो खोटं बोलत नाहीये. पण त्या दोन सेशनमध्ये विझार्ड जगला पाहिजे ना? पहिल्या लेव्हलला गॉब्लिनच्या (बुटक्या राक्षसाच्या) दोन फटक्यांत आडवा होणारा प्राणी तो.

आधी डीएमला (खेळ चालवणाऱ्याला) विचारा, टेबलावर नियमांचं पुस्तक २०१४चं आहे की २०२४चं. नाव तेच असलं तरी स्पेल वेगळा आहे. आम्ही इंदिरानगरात एकाच्या गच्चीवर २०१४चंच खेळतो, म्हणून आधी त्याबद्दल.

आठ बाजूंचे पाच फासे टाकायचे. तुम्ही नेमलेल्या वर्तुळातले, बेरीज येईल तेवढ्या हिट पॉइंटचे (एचपी, म्हणजे उरलेला जीव) शत्रू झोपतात, सेव्ह (मंत्रातून वाचायला शत्रूने टाकायचा फासा) वगैरे काही नाही. सरासरी २२.५. त्याच स्लॉटमध्ये (स्पेल टाकायच्या मोजक्या संधींपैकी एक) मॅजिक मिसाइल या स्पेलचे तिन्ही बाण मिळून सरासरी १०.५ डॅमेज करतात. गॉब्लिनचे ७ एचपी धरा: तिघे झोपवायला २१ लागतात, ते तीनदा टाकलंत तर साधारण दोनदा येतात. चौघांचे २८ मात्र सहातून एकदाच. म्हणजे 'सगळी टोळी झोपवू' या हिशोबाने घेत असाल तर निराशा होणार.

आमची चूक सांगतो. फेब्रुवारीत आमच्याकडे मिनिएचर नसतात, द्राक्षं असतात. कोल्ड्रिंकच्या बाटलीच्या झाकणात एकेक द्राक्ष ठेवायचं (नाहीतर मॅपवरून गडगडतं), तो गॉब्लिन. पेरू म्हणजे ओगर, धिप्पाड राक्षस. जो मारेल त्याने खायचं.

तर त्या दिवशी दोन द्राक्षं आणि एक पेरू. ओगरचे ५९ एचपी, आम्ही बडवून बडवून १७ वर आणलेला. आमच्या विझार्डने शेवटचा स्लॉट काढला आणि तिघेही आत येतील असं वर्तुळ टाकलं. फासे पडले २४. गच्चीवर आरडाओरडा. मग डीएमने शांतपणे हिशोब केला: मोजणी सगळ्यात कमी एचपीवाल्यापासून. दोन गॉब्लिन, १४ गेले. उरले १०. ओगरचे १७. पेरू उभाच! पुढच्याच पाळीला त्याने आमच्या क्लेरिकला (पुजाऱ्याचं पात्र) लोळवलं.

वर्तुळ चार घरं मागे सरकवलं असतं, गॉब्लिन बाहेर राहिले असते, तर त्याच २४मध्ये ओगर घोरत पडला असता. हा स्पेल जोखायचा तो इथे. आत किती शत्रू येतात हे बघू नका, कुणाला बाहेर ठेवता येतं ते बघा. आणि आपली माणसंही मोजणीत येतात, हे विसरू नका. ४ एचपीवर लढणारा तुमचा फायटर त्या वर्तुळात असेल तर सगळ्यात आधी तोच झोपणार. (एल्फ असेल तर नाही, त्यांना जादूने झोपवता येत नाही. म्हणून पुढे एल्फ ठेवणारे ग्रुप स्लीपवर इतके खूश असतात.)

दुसरं त्यातूनच येतं. मोजणी सध्याच्या एचपीची होते, मूळच्या नाही. त्यामुळे स्लीप पहिल्या फेरीत उधळण्यापेक्षा तिसऱ्या फेरीत, शत्रू अर्धमेले झाल्यावर टाकलेला जास्त वसूल होतो. ताजा ओगर झोपणं शक्यच नाही, पाच फाशांचा कमाल आकडाच ४०.

आणि हो, त्या गोंधळात आमच्यातल्या चोराचं पात्र (रोग) करणाऱ्याने झोपलेली दोन्ही द्राक्षं तोंडात टाकली. डीएम म्हणाला, 'अरे झोपलेत, मेले नाहीत. नवीन दोन ठेव.'

झोपलेल्याचं पुढे काय करायचं, हे आधीच ठरवून ठेवा. त्याच्यावर हल्ल्याला ॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा धरायचा) मिळतो, पाच फुटांच्या आतून लागला तर थेट क्रिटिकल (डॅमेजचे फासे दुप्पट). पण डॅमेज झालं की तो जागा, म्हणून एका फटक्यात मरेल त्यालाच मारा. बाकीच्यांना बांधा. झोप एक मिनिट टिकते, म्हणजे दहा फेऱ्या, दोरी बांधायला भरपूर. आमचा पॅलाडिन तर मारतच नाही, म्हणतो, 'अश्वत्थाम्याची कामं मला सांगू नका.' कुंभकर्णाला उठवायला नाशिक ढोल लागला असता, इथे शेजारच्याने हलवलं की गॉब्लिन उठतो. मात्र हलवणाऱ्याची ॲक्शन (त्या पाळीतली मुख्य चाल) त्यात जाते, तीही तुमचीच कमाई धरा.

सांगाडे, झाँबी यांच्यावर शून्य उपयोग. डीएमने कबरस्तानापासून सुरुवात केली तर दुसरं काहीतरी घ्या.

२०२४च्या पुस्तकात एचपीचा हिशोबच काढून टाकलाय. पाच फुटांची त्रिज्या, विज्डम सेव्ह, वर कॉन्सन्ट्रेशन (स्पेलवर लक्ष टिकवून ठेवावं लागतं). शत्रू पहिल्यांदा नापास झाला तर तो नुसता हतबल होतो, त्याच्या पुढच्या पाळीअखेर पुन्हा नापास झाला तरच झोपतो. लक्ष्य तुम्ही निवडता, त्यामुळे आपले लोक सुरक्षित. आवाका बारका झाला, पण ताजा ओगरही झोपू शकतो, कारण त्याचं विज्डम यथातथाच. तिथे हा स्पेल पुढच्या लेव्हललाही टिकतो.

२०१४वाल्यांनी पाचव्या लेव्हलला फायरबॉल आला की स्लीपचा नाद सोडावा. विझार्डचं एक बरं, पुस्तकात लिहिलेला राहतो, फक्त प्रिपेअर करायचा (त्या दिवसासाठी निवडायचा) नाही. सॉर्सरर किंवा बार्ड (स्पेल टाकणारी दुसरी पात्रं) असाल तर लेव्हल वाढताना बदलून घ्या.