टाइलखाली लावायचा सिमेंट बोर्ड घरी कापायला ग्राइंडर चालेल का?

कापायला चालतो. झटपट कापतो, म्हणूनच लोक वापरतात. पण घरात ग्राइंडर लावू नका.

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. चार वर्षांपूर्वी जानेवारीत बेसमेंटमधलं बाथरूम घरीच करायला घेतलं. थोरले साडू मदतीला आले ते ग्राइंडर घेऊनच. मी म्हणालो, सुरीनं कापू. तर म्हणे, "अशानं होळी उजाडेल." बाहेर बर्फ म्हणून खिडक्या बंद, तोंडाला नुसता रुमाल. पाच-सहा बोर्ड होईतो समोरचा माणूस दिसेना. घर गरम करणारी फर्नेस तिथेच, चालू. तिनं ती धूळ ओढली आणि घरभर फेकली. सकाळी आई पूजेला बसली तर देव्हाऱ्यावर पांढरा थर. ती तेव्हा साताऱ्याहून आली होती. बोटावर धूळ घेऊन चोळून पाहिली आणि म्हणाली, "दादाच्या कपड्यांना हीच असायची." माझा मामा खडीच्या क्रशरवर कामाला होता. दोन वर्षं टीबीची औषधं खाल्ली. टीबी नव्हताच, सिलिकोसिस होता, दगडाच्या बारीक धुळीनं होणारा फुप्फुसाचा रोग. पन्नाशीही गाठली नाही त्यानं. त्या दिवशी आईनं देव ओल्या फडक्यानं पुसले आणि माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही.

बोर्डात वाळू असते, म्हणजे सिलिका. ग्राइंडरखाली तिचं इतकं बारीक पीठ होतं की दिसणारी धूळ खाली बसली तरी न दिसणारी तासन्‌तास तरंगत राहते, आणि फुप्फुसाच्या तळाशी तीच जाते. ही धूळ कर्करोगकारक असल्याचं १९९७ पासून जाहीर आहे. इथल्या कामगार-सुरक्षा खात्यानं २०१६ साली घालून दिलेली मर्यादा आहे आठ तासांच्या सरासरीनं घनमीटरभर हवेत ५० मायक्रोग्रॅम. मिठाच्या एका बारीक कणाचं वजन साधारण तेवढं भरतं. रुमाल काय अडवणार?

साडू अजूनही विचारतात, "एका दिवसाच्या धुळीनं कुणाला काय झालंय?" खरं आहे, सिलिकोसिस एका दिवसात होत नाही, बहुतेकदा वर्षं लागतात. पण घरात म्हातारी आई आणि आठ महिन्यांची पोर असताना ती धूळ उडवायची गरज काय होती, याचं उत्तर त्यांनी आजवर दिलेलं नाही. उरलेले बोर्ड मी एकट्यानं सुरीनं कापले, एका दुपारीत.

जाळीच्या बोर्डाला पट्टी धरून वरची जाळी चिरायची, गुडघा देऊन मोडायचा, मग मागची जाळी कापायची. जाळी नसलेल्या फायबर-सिमेंटला कार्बाइड टोकाची सुरी, एकाच रेघेवर चार-पाच वेळा दाबून. पाइपच्या भोकांना कार्बाइडचा होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत), हळू वेगात, अंगणात. मास्क एन-९५, आणि दाढी असेल तर तो नीट बसत नाही (साडूंना आहे). झाडू मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा किंवा अगदी बारीक धूळ अडवणाऱ्या हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम लावा.

एक राहिलंच. घर १९८० च्या आधीचं असेल तर जुन्या बोर्डात ॲस्बेस्टॉस (फुप्फुसांना घातक असे खनिज तंतू) आहे का, ते आधी तपासून घ्या. निघालं तर सुरीही लावू नका, परवानाधारक माणसांना बोलवा.