विद्यापीठातलं मध्यस्थी केंद्र नव्याने हातात आलं असेल तर

सर, तुम्ही लिहिलंय की विद्यापीठाने 'संघर्ष निराकरण व सहयोगी नेतृत्व केंद्र' काढलं, परिपत्रकात समन्वयक म्हणून तुमचं नाव आलं, स्टाफ नाही, बजेट हेडही अजून उघडलेला नाही आणि वर मार्चच्या आत राष्ट्रीय परिषद घ्यायला सांगितलंय, तर सुरुवात कुठून करू. मी असंच एक केंद्र सहा वर्षं चालवलं, त्यामुळे सविस्तर लिहिते.

परिषद पुढच्या वर्षी घ्या. पहिलं वर्ष फक्त भांडणं ऐका. आणि त्याआधी स्वतः ट्रेनिंग करा, सुप्रीम कोर्टाच्या मेडिएशन कमिटीने ठरवलेलं ४० तासांचं असतं तेच, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन भेटलात तर तिथले प्रशिक्षित मध्यस्थ वकील मदत करतात, मला तरी केली. प्राध्यापकाला ऐकायची सवय नसते हो, कोणी दोन वाक्यं बोललं की आपण उत्तर द्यायला लागतो, ती सवय त्या ४० तासांत जरा मोडते.

आता माझी चूक सांगते, कारण सगळ्यात जास्त मी त्यातूनच शिकले. तिसऱ्या महिन्यात एक पीएचडीची मुलगी आणि तिचे गाईड आले, चॅप्टर ११ महिने अडकलेला, दोघंही एकमेकांशी फक्त ईमेलवर बोलायचे. तीन बैठका झाल्या, महिन्यातून दोनदा भेटायचं, चॅप्टर दिल्यावर तीन आठवड्यांत शेरे द्यायचे, असं दोघांनी आपल्या हाताने लिहून काढलं. मला इतका आनंद झाला की एका मीटिंगनंतर चहा घेताना वरिष्ठ अधिकाऱ्यांनी केंद्र कसं चाललंय विचारलं तेव्हा मी नावासकट सांगून टाकलं. त्यांनीही चांगल्याच भावनेने त्या गाईडना फोन करून अभिनंदन केलं. दुसऱ्या दिवशी ते सर माझ्या दारात आले, तो कागद टेबलावर ठेवला आणि काही न बोलता निघून गेले. मुलीचं काम परत अडकलं आणि पुढचे सात महिने केंद्रात एकही माणूस फिरकला नाही. शिपाईमामांपर्यंत सगळ्यांना कळलं होतं की मॅडमना सांगितलं की वर पोचतं. त्या मुलीचं जे नुकसान झालं ते मला भरून देता आलं नाही.

नंतर मी मॅनेजमेंट कौन्सिलकडून एक ठराव लेखी करून घेतला, तुम्ही तो पहिल्याच महिन्यात करून घ्या. वर फक्त किती जण आले तो आकडा जाईल, नाव-विभाग काही नाही, आणि बैठकीतली टिपणं दोन्ही बाजूंसमोर फाडायची. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यातही गोपनीयतेची तरतूद आहे, ठराव मांडताना तिचा आधार घ्या.

'किती मिटले' हा आकडा मात्र देऊ नका, कोणी कितीही मागू दे. आपल्याकडे २००७ ला तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तिच्यात तंटे मिटवण्याला गुण आणि गावाला बक्षीस होतं. काही गावांत खरंच चांगलं काम झालं, पण गुण मिळायला लागले की ज्याचं गावात वजन कमी त्यालाच 'तू सोड ना जरा' असं सांगितलं जातं असं माझं मत आहे. विद्यापीठात ते वजन कमी असलेलं माणूस म्हणजे विद्यार्थी आणि तासिका तत्त्वावरचे शिक्षक.

म्हणूनच रॅगिंग, लैंगिक छळ आणि ॲट्रॉसिटीची तक्रार तुमच्या टेबलावर घेऊच नका. 'आपसात बघून घ्या ना' असे फोन येतील, तेव्हा सरळ सांगायचं की हे रॅगिंगविरोधी समितीचं, लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या अंतर्गत समितीचं किंवा पोलिसांचं काम आहे. लैंगिक छळाच्या २०१३ च्या कायद्यात समेट आहे, पण तो फक्त तक्रारदार बाईने स्वतः मागितला तर, समितीमार्फतच, आणि पैशाच्या तडजोडीवर नाही.

सहयोगी नेतृत्वासाठी, म्हणजे सगळ्यांना सोबत घेऊन निर्णय कसा करायचा यासाठी, पुस्तकं खूप आहेत, पण जमलं तर गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला जाऊन या. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' हे त्याच गावचं. तिथे ग्रामसभेत मतदान नाही, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत थांबतात. मला जास्त भावला तो त्यांचा अभ्यासगट, जिथे विषय नुसता समजून घ्यायचा, निर्णय तिथे घ्यायचाच नाही, तो ग्रामसभेत. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला त्याच्या मागे अशा कितीतरी वर्षांच्या बैठका आहेत.

हे मी वाचनकक्षाच्या भांडणात करून पाहिलं. मुलांना रात्री अकरापर्यंत उघडा हवा होता, ग्रंथालयाचा स्टाफ म्हणे आठलाच बंद, दोन मोर्चे होऊन गेलेले. चार बैठका निर्णय न घेता नुसतं बोललो, तिसऱ्या बैठकीत एक ताई म्हणाल्या की त्यांच्या गावाची शेवटची एसटी साडेआठला आहे. इतके महिने कोणी विचारलंच नव्हतं! स्टाफचा वेळेला विरोध नव्हता, घरी कसं जायचं हा प्रश्न होता. शेवटी आठनंतर पुस्तकांचा विभाग बंद, कक्षाचं मागचं दार उघडं, एक गार्ड आणि मुलांचीच पाळी, असं ठरलं.

पैशाचं म्हणाल तर एकाच देणगीदारावर राहू नका. अमेरिकेत ह्युलेट फाउंडेशनने १९८४ पासून वीसेक वर्षं या विषयातल्या विद्यापीठ केंद्रांना भरपूर पैसा दिला आणि मग तो कार्यक्रम बंद केला. सिराक्यूस विद्यापीठात १९८६ ला सुरू झालेलं केंद्र नंतरही चालू राहिलं, नावात पुढे सहयोग हा शब्दही आला, पण ते लोकप्रशासनाच्या शिक्षणात मिसळलेलं होतं. तुम्हीही दोन क्रेडिटचा एक कोर्स लवकर मंजूर करून घ्या, वर्कलोड, म्हणजे शिकवायचे तास, कागदावर दिसला की केंद्र बंद करणं अवघड जातं.

आणि खोली प्रशासकीय इमारतीत मिळत असेल तर घेऊ नका. मला कँटीनच्या मागची जुनी स्टोअररूम मिळाली होती, पंखा कुरकुरायचा, पण तिकडे कोण जातंय ते कोणाला दिसत नव्हतं. ठरावाचा मसुदा हवा असेल तर सांगा, पाठवते.