म्हैस गाभडली आणि घरात ताप आला: दोन्ही दवाखान्यांत काय सांगायचं

प्रश्न (वाळवा तालुका): आमच्या दोन म्हशी महिन्याभराच्या अंतराने आठव्या महिन्यात गाभडल्या. दुसरीची वार अडकली, ती भावाने हाताने काढली. पुढे तीन-चार आठवड्यांनी त्याला संध्याकाळचा ताप सुरू झाला. रात्री घामाने अंथरूण भिजतं, कंबर आणि गुडघे धरतात. टायफॉइडचं औषध दोनदा झालं. चार दिवस बरं वाटतं, परत ताप. याचा म्हशींशी संबंध असेल का?

उत्तर: असू शकतो. तो तपासल्याशिवाय तिसऱ्यांदा टायफॉइडचा कोर्स करू नका.

तुम्ही सांगितलेल्या खुणा ब्रुसेल्लोसिसकडे, म्हणजे सांसर्गिक गर्भपाताकडे बोट दाखवतात. गाय-म्हैस शेवटच्या तीन महिन्यांत गाभडते, वार अडकते, काही जनावरांच्या गुडघ्यावर पाण्याची गाठ येते, वळूचं वृषण सुजतं. जंतूंचा सगळ्यात मोठा साठा गर्भात, वारेत आणि त्या वेळी जाणाऱ्या पाण्यात असतो. उघड्या हाताने वार काढली की नखाजवळच्या बारीक चिरेतूनही ते अंगात शिरतात. तोंडावर, डोळ्यांत उडालेला शिंतोडाही पुरतो. माणसाला ताप साधारण एक ते चार आठवड्यांत येतो, कधी काही महिन्यांनीही. म्हणूनच गोठ्यातली घटना आणि घरातला ताप यांची सांगड कुणी घालत नाही.

दवाखान्यात चूक होते ती इथेच. डॉक्टर विचारतात, घरात आणखी कुणाला ताप आहे का? गोठ्यात काय झालं, हे ते विचारत नाहीत आणि आपणही सांगत नाही. ताप, थकवा, अंगदुखी ही लक्षणं टायफॉइडसारखीच, पुढे कंबर फार धरली तर मणक्याच्या क्षयाची शंका येते. पशुवैद्यकाचंही तसंच. म्हैस तपासून जाताना घरात कुणाला ताप आहे का, हे विचारलं जाईलच असं नाही. दोन्ही दवाखान्यांना जोडणारा माणूस सध्या तरी तुम्हीच आहात. म्हणून भावाला नेताना एक चिठ्ठी लिहून न्या: कोणतं जनावर, कोणत्या तारखेला, कितव्या महिन्यात गाभडलं, वार कुणी काढली, हातमोजे होते का, घरात कच्चं दूध कोण पितं, जनावराचं रक्त तपासलं असेल तर निकाल काय. ही चिठ्ठी डॉक्टरांच्या हातात द्या आणि ‘ब्रुसेल्लाची तपासणी करायची का’ असं सरळ विचारा. रक्त कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून पाहायला, जाणार असेल तर ही शंका प्रयोगशाळेलाही कळलीच पाहिजे. एक तर हा जंतू सावकाश वाढतो, नळी लवकर बाद केली तर सापडत नाही. दुसरं म्हणजे उघड्या टेबलावर हाताळला तर तंत्रज्ञालाच बाधा होते.

निदान झालं तर उपचार आहे, पण तो लांबलचक आहे. दोन औषधं एकत्र, त्यातलं डॉक्सिसायक्लीन सहा आठवडे, असा साधारण नियम. आठ-दहा दिवसांत ताप उतरतो आणि लोक गोळ्या बंद करतात. जंतू पेशींच्या आत दडून राहतो आणि आजार उलटतो. यातली काही औषधं क्षयरोगाचीही आहेत, त्यामुळे दुकानातून परस्पर घेऊ नका. घरात गरोदर बाई असेल तर तिला गाभडलेल्या जनावराजवळ जाऊ देऊ नका आणि ती गरोदर आहे हे डॉक्टरांना आधी सांगा, कारण तिची औषधं वेगळी असतात.

आता गोठा. गाभडलेली म्हैस ताबडतोब वेगळी बांधा, तिची गव्हाण-बादली वेगळी ठेवा आणि धार सगळ्यात शेवटी काढा. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, किंवा फिरत्या पथकासाठी 1962 वर फोन करा. रक्त गाभडल्यानंतर लगेच तपासलं तर काही वेळा निकाल निगेटिव्ह येतो, कारण रक्तात प्रतिपिंडं (जंतूंशी लढायला शरीर तयार करतं ते घटक) तयार व्हायला वेळ लागतो. दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा नमुना द्या. एका निगेटिव्ह कागदावर निर्धास्त होऊ नका, आणि तो कागद दाखवून म्हैस बाजारात तर मुळीच नेऊ नका.

गर्भ आणि वार हातमोजे घालून उचला. जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या एकात एक घालून हातावर बांधल्या तरी उघड्या हातापेक्षा बऱ्या. नाकातोंडावर फडकं बांधा. विहीर, पाट यांपासून लांब, किमान चार फूट खड्डा घ्या. खाली चुना, वर चुना, मग माती, आणि वर काटे किंवा दगड ठेवा. वरवर पुरलेली वार कुत्री उकरतात आणि शेजारच्या दावणीपर्यंत ओढत नेतात. भिजलेलं गवत, पाचट जाळा. जमीन कोरडी झाडू नका, धुळीबरोबर जंतू उडतात. आधी पाणी मारा, शेण-रक्त काढा. त्यानंतर एक लिटर पाण्यात 30 ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर या प्रमाणात द्रावण करून ओता आणि अर्धा तास राहू द्या. शेण न काढता ओतलं तर क्लोरीन शेणातच संपतो, मेहनत फुकट. उघडी, जुनी, ओल धरलेली पावडरही कामाची नाही. त्यात संडास धुण्याचं ॲसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू सुटतो. मातीच्या जमिनीवर चुना पसरा. त्या जागेचं शेणखत लगेच रानात टाकू नका, वेगळा ढीग करून मातीने झाकून काही महिने कुजू द्या. हा जंतू उन्हात लवकर मरतो, पण ओलसर सावलीत महिनोन्महिने तग धरतो.

म्हशीला औषध देऊन ती बरी होईल का, हा पुढचा प्रश्न असणारच. प्रतिजैविकांनी तिच्यातला जंतू खात्रीने जात नाही. फसवणारी गोष्ट ही, की एकदा गाभडलेलं जनावर पुढच्या वेळी बऱ्याचदा पूर्ण दिवस भरून नीट वितं. ‘रोग गेला’ असं वाटतं, पण दर वेताला आणि दुधातून ते जंतू टाकत राहतं. अशा जनावराचं काय करायचं यावर सोपं उत्तर नाही. विकलं तर रोग दुसऱ्याच्या दावणीला, ठेवलं तर आपल्या. आमचं मत स्पष्ट आहे: लपवून विकू नका, वेगळं ठेवा, आणि त्याचं विणं दर वेळी धोक्याचं समजून हातमोज्यांनीच करा.

खरा बंदोबस्त लसीचा. राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात 2019 पासून लाळ-खुरकुताबरोबर ही लसही मोफत आहे. फक्त मादी वासरांना, म्हणजे कालवडींना आणि म्हशीच्या मादी पारडांना, वयाच्या 4 ते 8 महिन्यांत, आयुष्यात एकदाच. वय उलटल्यावर टोचली तर प्रतिपिंडं रक्तात टिकून राहतात आणि पुढे तपासणीत निरोगी जनावरही बाधित दिसतं. गाभण जनावर या लसीने गाभडू शकतं आणि नराच्या वृषणाला त्रास होतो, म्हणून त्या दोघांना नाही. लस जिवंत जंतूंची आहे. वासरू धरणाऱ्याला लांब थांबता येत नाही, म्हणून त्याने हातमोजे घालायचे. सुई चुकून माणसाला लागली तर ‘एवढंसं टोचलं’ म्हणून सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

आणि धारोष्ण दूध बंद. ताकदीसाठी म्हणून तालमीतल्या पोरांना सड धरून पाजण्याची हौस अजून गेलेली नाही. दूध उकळी येईपर्यंत तापवलं की हा जंतू राहत नाही. नीट वाफवलेला खरवस चालतो. चीक कच्चा चाखू नका.

प्रश्न (आटपाडी तालुका): शेळ्या-मेंढ्यांतही हे होतं का? मेंढ्या रानात बसवलेल्या असतात, तिथेच एखादी गाभडते.

उत्तर: होतं, आणि शेळी-मेंढीतला ब्रुसेल्ला माणसाला जास्त त्रासदायक ठरतो. आटपाडी, जत, माण, खटाव या पट्ट्यात हे नीट लक्षात ठेवा. वर सांगितलेली लस गाई-म्हशींसाठी आहे. ती शेळ्यांना टोचून घ्यायच्या भानगडीत पडू नका. तुमच्या हातात स्वच्छताच उरते. रानमालक आणि मेंढपाळ यांनी आधीच ठरवून घ्या की गाभडलेलं पिल्लू आणि वार बांधावर फेकायची नाही, सोबतच्या कुत्र्यांना तर नाहीच. एक कुदळ, हातमोजे आणि चुन्याची पिशवी मेंढरांच्या वाड्याबरोबर फिरती ठेवा. कळपात एका हंगामात दोन-तीन गाभडल्या तर शंका धरून नमुने द्या. मेंढपाळाला लांबलेला ताप आला तर त्याला गावोगावच्या वेगवेगळ्या दवाखान्यांत दाखवलं जातं. ती चिठ्ठी त्याच्या खिशात सगळ्यात जास्त गरजेची आहे.

प्रश्न (कराड तालुका): गाय दोन दिवस लाळ गाळत होती, गिळत नव्हती. उसाचं कांडं अडकलं म्हणून तिघांनी घशात हात घातला. तिसऱ्या दिवशी मेली. पंधरवड्यापूर्वी वस्तीवर पिसाळलेलं कुत्रं येऊन गेलं होतं. दूध सगळ्या वस्तीने प्यायलं आहे.

उत्तर: हात घातलेल्या तिघांनी हे वाचत बसू नये, आजच आरोग्य केंद्र गाठावं. ही खूण रेबीजची असू शकते. त्यात घशाचे स्नायू लुळे पडल्याने लाळ गळते, गिळता येत नाही, आवाज घोगरा होतो. आपल्याकडे ऊस खाणाऱ्या जनावरात पहिली शंका कांड्याचीच येते, म्हणून रेबीजच्या जनावराच्या तोंडात हात घातले जातात. यापुढे नियम करा: लाळ गळते आणि आवाज बदललाय, तर हात बाहेर, पशुवैद्यकाला बोलवा.

लाळ ताज्या जखमेला, खरचटल्याला किंवा डोळ्या-तोंडाला लागली असेल तर लसीबरोबर जखमेत सीरमही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. लस कातडीत दिली तर 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी. दंडात स्नायूत दिली तर 14 वा दिवसही धरायचा. पूर्वी पूर्ण कोर्स झालेल्याला 0 आणि 3 असे दोनच डोस पुरतात. कुत्रं चावल्यावर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा. मिरची, चुना, हळद भरू नका. लक्षणं सुरू झाल्यावर या रोगाला जवळजवळ इलाज नाही, त्यामुळे ‘बघू उद्या’ चालत नाही.

वस्तीची मात्र घाबरगुंडी नको. उकळलेलं दूध प्यायलेल्यांना लस लागत नाही. अशा वेळी अख्खं गाव रांगेत उभं राहतं, साठा संपतो आणि ज्याने खरंच हात घातला त्याला ‘परवा या’ सांगावं लागतं. कच्चं प्यायलं असेल, तर तेवढ्यांनी डॉक्टरांना सांगून निर्णय घ्यावा. धडधाकट कातडीवर गोमूत्र उडालं, गाईला हात लावला, यासाठी लस नाही.

मेलेली गाय पशुवैद्यकाला न कळवता पुरू नका आणि सोलायला तर देऊच नका. रेबीजचं पक्कं निदान मेंदूच्या नमुन्यावर होतं, तो प्रशिक्षित माणसानेच काढायचा. त्याच कुत्र्याने आणखी जनावरं चावली असतील तर त्यांची जखम धुवून पशुवैद्यकाकडून चावल्यानंतरची लस सुरू करा: 0, 3, 7, 14, 28. कुत्रं पुढे कुठल्या गावाकडे गेलं हेही दोन्ही दवाखान्यांना सांगा. माणसांच्या डॉक्टरांकडे चावलेल्यांची यादी असते आणि पशुवैद्यकाकडे जनावरांची. दोन याद्या शेजारी ठेवल्या की कुत्र्याची वाट कळते.

प्रश्न (पलूस तालुका): कृष्णेला पूर आल्यावर गोठा साफ करताना लेप्टोची भीती सांगतात. नक्की काय करायचं?

उत्तर: लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. उंदीर आणि जनावरांच्या मुतातून त्याचा जंतू साचलेल्या पाण्यात, चिखलात येतो आणि पायाच्या भेगांतून शिरतो. 2019 सारख्या पुरानंतर गाळ काढताना गमबूट आणि हातमोजे घाला, जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी लावा. आठवड्याला एकदा डॉक्सिसायक्लीन 200 मिलिग्रॅम हा प्रतिबंध आरोग्य केंद्राने सांगितला तरच. गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी आपल्या मनाने नाही. जोराचा ताप, पोटऱ्या दाबवत नाहीत, डोळे लाल, लघवी कमी किंवा डोळ्यांत पिवळेपणा, यातलं काही दिसलं तर ‘पुराच्या पाण्यात काम केलं आहे’ हे वाक्य डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगा. त्याच सुमारास वासराला लाल लघवी झाली किंवा गाय गाभडली असेल तर तेही सांगा.

प्रश्न (फलटण तालुका): लम्पी झालेल्या गाईचं दूध चालतं का?

उत्तर: लम्पी माणसाला होत नाही. उकळून प्या. मात्र तिला प्रतिजैविकं चालू असतील तर पशुवैद्यकांनी सांगितलेले दिवस संपेपर्यंत ते दूध डेअरीला घालू नका.

प्रश्न (महाबळेश्वर तालुका): आमच्याकडच्या वटवाघळांत निपाह आहे म्हणतात. स्ट्रॉबेरी, जांभूळ खायचं की नाही?

उत्तर: पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने मार्च 2020 मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतून वटवाघळांचे नमुने घेतले, त्यांत निपाह या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं आढळली. याचा अर्थ तिथे माणसांत साथ आली असा नाही. फळ धुवून खा; चोच, दात लागलेलं, उष्टं पडलेलं फळ ना माणसाने खायचं ना डुकराला घालायचं. गुहेत खत काढायला किंवा पर्यटकांना दाखवायला शिरू नका. मेलेलं वटवाघूळ उघड्या हाताने उचलू नका, आणि एकाच जागी बरीच मेलेली दिसली तर वनखात्याला आणि आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवा.