रोबोकॉन या रोबो स्पर्धेसाठीच्या आमच्या रोबोची न्यूमॅटिक, म्हणजे दाबलेल्या हवेवर चालणारी, यंत्रणा हलकी करायची आहे. तीन किलोची पकड १०० मिमी उचलायला ३२ मिमी बोअरचे (आतल्या व्यासाचे) सिलिंडर थेट ६ बार दाबावर चालवतो, आणि हवा साठवायला दोन लिटरच्या तीन बाटल्या असूनही ती पुरत नाही. काय करावे?

बाटल्यांची संख्या हवेच्या खपावरून ठरते, म्हणून वजन कमी करण्याची सुरुवात मी बाटल्यांपासून न करता सिलिंडरपासून करेन. तुम्ही लिहिल्याप्रमाणे तीन किलोची पकड १०० मिमी उचलायची आहे आणि सिलिंडरला थेट ६ बार दाब दिला आहे. या दाबाला ३२ मिमी बोअरचा सिलिंडर सुमारे ४८० न्यूटन, म्हणजे जवळपास ४९ किलो वजनाइतका जोर लावतो. घर्षण आणि वेग धरूनही तुम्हाला साधारण ६० न्यूटन पुरावेत, आणि तेवढे १६ मिमी बोअरचा सिलिंडर ३ बारलाच देतो. एका स्ट्रोकला, म्हणजे सिलिंडरचा दट्ट्या एकदा पूर्ण सरकायला, लागणारी हवा वातावरणाच्या दाबाला मोजली, तर पहिल्या मांडणीत ती सुमारे ५६० घन सेंमी भरते आणि दुसऱ्या मांडणीत फक्त ८०.

दाब उतरवण्याचा फायदा दुहेरी असतो, आणि तो बहुतेक संघांच्या लक्षात येत नाही. एबीयू (आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियन) रोबोकॉनच्या नियमांत ६०० किलोपास्कल, म्हणजे ६ बार, ही कमाल मर्यादा असल्यामुळे सिलिंडरही ६ बारवर चालवला, तर बाटलीत शिल्लक अशी काहीच राहत नाही आणि पहिल्याच स्ट्रोकपासून जोर घटू लागतो. दाब उतरवून स्थिर ठेवणारा रेग्युलेटर ३ बारवर ठेवल्यास मात्र दोन लिटरच्या एका बाटलीतून सुमारे सहा लिटर हवा एकसारख्या दाबाने मिळते. उचललेली पकड स्वतःच्या वजनाने खाली येत असेल, तर परतीसाठी हवा वापरूच नये. ३/२ व्हॉल्व्ह (तीन तोंडांचा, दोन स्थितींचा) आणि बाहेर पडणाऱ्या हवेवर तिचा वेग आवरणारा फ्लो कंट्रोल एवढे पुरते.

व्हॉल्व्ह आणि सिलिंडर यांच्यामधली नळी दर वेळी भरते आणि रिकामी होते. बाहेरून ६ व आतून ४ मिमी व्यासाच्या एक मीटर नळीत साडेबारा घन सेंमी जागा असते, तर १६ मिमीच्या आपल्या सिलिंडरचे आकारमान अवघे २० आहे. म्हणजे जोरात काहीही भर न पडता खप साठ टक्क्यांहून अधिक वाढतो. सगळे व्हॉल्व्ह एका पट्टीवर ओळीने बसवले की रोबो देखणा दिसतो खरा, पण ते सिलिंडरजवळच बसवावेत आणि नळी बाहेरून ४ मिमी व्यासाची घ्यावी. फेकण्याच्या यंत्रणेला हे लागू नाही. तिथे मोठ्या तोंडाचा व्हॉल्व्ह आणि जाड, आखूड नळीच हवी.

या हिशेबाने तुमच्या उचलण्याच्या कामाला एका बाटलीत सत्तरच्या आसपास स्ट्रोक मिळतील, अर्थात गळती नसेल तर. म्हणून प्रत्येक फिटिंगला साबणाचे पाणी लावून पाहावे. बाटली सोडायुक्त शीतपेयाचीच असावी, पहिली दाबचाचणी तिच्यात पाणी भरून घ्यावी आणि ओरखडा दिसताच ती बदलावी. पीव्हीसी पाइपची टाकी कधीही करू नये, कारण तो फुटला की त्याचे धारदार तुकडे उडतात.