सार्वजनिक ग्रंथालयाने वाचकांसाठी कॅनोपी घ्यावी की हूपला?

कॅनोपी आणि हूपला या दोन्ही ऑनलाइन सेवा, ग्रंथालयाने घेतल्या की वाचकांना ग्रंथालयाच्या कार्डावर सिनेमे फुकट बघता येतात. एकच परवडणार असेल आणि तुमच्या वाचकांना माहितीपट, जुने किंवा परदेशी सिनेमे बघायचे असतील, तर कॅनोपी घ्या. सिनेमासोबत ऑडिओबुक, ई-पुस्तकं, कॉमिक्सही एकाच ॲपमध्ये हवी असतील तर हूपला. ग्रंथालयात डिजिटल संग्रहाचं काम बघते, त्या अनुभवावरून सांगते, सिनेमांच्या यादीआधी बिल कसं येतं ते विचारा. या सेवांमध्ये बहुतेक वेळा वापराप्रमाणे पैसे पडतात. डीव्हीडी एकदा विकत घेतली की शंभर जणांनी नेली तरी खर्च तोच राहतो, पण इथे वाचकाने सिनेमा घेतला की प्रत्येक वेळी ग्रंथालयाच्या नावावर आकार चढतो. म्हणजे सेवा जितकी लोकांच्या अंगवळणी पडेल, तितकं बजेट लवकर संपतं. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने २०१९ मध्ये कॅनोपी बंद केली ती खर्चापायीच. म्हणून सुरुवातीलाच दर कार्डामागे महिन्याची मर्यादा ठरवा, आणि ती थोडी कमीच ठेवा. मर्यादा नंतर वाढवली तर कुणाची तक्रार नसते, दिलेली कमी केली की मात्र लोक दुखावतात, आणि ते रास्तच आहे. हूपलात दिवसाच्या खर्चालाही कमाल लावता येते, पण ती गाठली गेली की संध्याकाळी कामावरून येऊन ॲप उघडणाऱ्याला ‘उद्या या’ असा निरोप मिळतो. त्यापेक्षा नेटफ्लिक्सचं वैयक्तिक खातंच वाचकांना वापरायला द्यावं असं वाटेल, पण ते नेटफ्लिक्सच्या अटींत बसत नाही. एक लक्षात घ्या, हूपला मोजक्याच देशांत मिळते, तेव्हा आधी तेवढं तपासा.